ब्रेड रोल नावाचा पदार्थ नसतो

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी एक तक्ता बनवला. दोन रकाने, एकोणीस ओळी. डावीकडे बार्म, कॉब, बॅप, बॅच, ब्रेडकेक, टीकेक, स्टॉटी, मफिन, रोवी, नजर (ही दृष्ट लागणारी नव्हे, लिव्हरपूलचा लांबट पाव) वगैरे शब्द. उजवीकडे एकोणीस वेळा एकच शब्द, ‘ब्रेड रोल’. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर ब्रिटनमधली छोटी सँडविचची दुकानं आणि कारखान्यांची कँटीनं वापरतात. गिऱ्हाइकानं काहीही टाईप केलं तरी त्याला पाव सापडावा, एवढाच उद्देश. आमच्या धंद्यात याला नॉर्मलायझेशन म्हणतात. नाशकात इंजिनिअरिंग केलेल्या, लीड्सला येऊन चार वर्षं झालेल्या माझ्यासारख्या माणसाला हे काम का दिलं असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मी ते दोन दिवसांत केलं आणि शाबासकी मिळवली.

त्याच आठवड्यात दुसरी एक यादी केली. दुकानदार, गिऱ्हाईक आणि डिलिव्हरीवाले एकमेकांना जे मेसेज पाठवतात त्यांतले अश्लील आणि अपमानास्पद शब्द पकडायची. इंटरनेटवर अशा तयार याद्या मिळतात. एक उचलली, थोडी झाडली, लावून टाकली.

एप्रिलमधल्या एका शनिवारी बोल्टनमधल्या एका दुकानाचं खातं आपोआप बंद पडलं. दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या. त्यांनी डिलिव्हरीच्या पोराला मेसेज केला होता, त्याचा भावार्थ असा: तुझं बार्म बाजूला काढून ठेवलंय, येताना घेऊन जा, कॉक. शेवटचा शब्द लँकशरमध्ये आपण ‘राजा’ किंवा ‘बाळा’ म्हणावं तसा येतो. शब्दशः अर्थ कोंबडा. त्याचा आणखी एक अर्थ आहे तो वाचकांना ठाऊक असेलच. माझ्या यादीला फक्त तोच ठाऊक होता. आठवड्यात तीन वेळा सापडला, खातं बंद. दुकान उघडं, तवा तापलेला, आणि एकही ऑर्डर येईना.

नियमाप्रमाणे त्या पोरालाही विचारलं गेलं, या मेसेजांचा तुला त्रास झाला का? त्याचं उत्तर तिकिटात जसंच्या तसं चिकटवलेलं होतं. मी बेकन खात नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्या रोज माझ्यासाठी चीज-कांद्याचं एक वेगळं करून ठेवतात. बस, एवढंच. प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलंच नव्हतं, किंवा पुरेपूर दिलं होतं.

त्या एका मेसेजमध्ये खाण्याचा एक शब्द होता आणि मायेचा एक. पहिला माझ्या पहिल्या तक्त्यानं पुसून ‘ब्रेड रोल’ केला होता, दुसऱ्याला माझ्या दुसऱ्या यादीनं शिवी ठरवलं होतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये माझा एक सहकारी म्हणाला, “एज केस आहे. रिजनल स्लँग.” माणूस भला आहे, लंडनच्या दक्षिणेकडल्या सुखवस्तू उपनगरातला आहे, मला त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या शब्दाबद्दल. स्लँग.

स्लँग म्हणजे नेमकं काय? एखाद्या टोळक्यानं बाहेरच्यांना कळू नये म्हणून किंवा मजा म्हणून काढलेले, चार दिवस चमकून विझणारे शब्द. कॉलेजात आम्ही सबमिशनला आणि व्हायव्हाला जी नावं ठेवली होती ती स्लँग. पण इंग्लंडच्या ईशान्येला, डरॅम आणि न्यूकॅसलच्या बाजूला, कामावर न्यायच्या डब्याला ‘बेट’ म्हणतात. भाषातज्ज्ञ त्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत दाखवतात. म्हणजे हा शब्द व्हायकिंगांच्या होड्यांतून आला आणि अजून प्लॅस्टिकच्या डब्यांवर टिकून आहे. हजार वर्षं टिकलेल्या शब्दाला ज्यानं स्लँग म्हणायचं, त्यानं ‘लंच’ला काय म्हणायचं? तो तर त्या मानानं कालचा पोर.

मला वाटतं, स्लँग हा शब्द भाषेचं वर्णन करतच नाही. तो बोलणाऱ्याची जागा सांगतो. जे पंगतीला बसलेले नाहीत ते पंगतीतल्यांच्या बोलण्याला ते नाव देतात.

पंगत हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. ‘मेट’ घ्या, ब्रिटनभर सर्रास चालणारा, टॅक्सीवाल्यापासून पंतप्रधानापर्यंत कोणीही कोणालाही म्हणतो तो. मध्ययुगीन उत्तर जर्मन भाषेतून तो इंग्रजीत आला. मूळ अर्थ, एकत्र जेवणारा. इंग्रजीतला ‘मीट’ हा शब्द आज मांसापुरता उरला आहे, पण पूर्वी त्याचा अर्थ कुठलंही अन्न असा होता; ‘मेट’ त्याचाच नातलग. आणि ‘कंपॅनियन’? लॅटिनमध्ये ‘कॉम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी, पाव. जो आपल्याबरोबर पाव खातो तो. यातली गंमत फक्त मराठी माणसाला कळू शकते, कारण लॅटिन ‘पानिस’चंच पोर्तुगीजमध्ये ‘पांव’ झालं आणि तोच आपला पाव. कंपॅनियन या भारदस्त शब्दाच्या पोटात वडापावातला पाव बसलेला आहे.

या मोहात फार वाहवत जाऊ नये हेही खरं. लँकशरमध्ये सँडविचला ‘बटी’ म्हणतात, आणि साउथ वेल्सच्या दऱ्यांमध्ये मित्राला ‘बटी’ किंवा नुसतंच ‘बट’ म्हणतात. मला वाटलं, घबाड सापडलं! पण नाही. सँडविचची बटी आली बटरवरून. मित्राची बटी बहुधा ‘बूटी’वरून, म्हणजे लुटीतला वाटेकरी. दोन वेगळी झाडं, फांद्या एकमेकींत गेलेल्या. शिवाय इंग्लंडच्या मध्यभागातल्या कोळसाखाणींत ‘बटी’ म्हणजे मुकादमवजा कंत्राटदार. मालकाकडून कामाचा ठेका घेणारा आणि हाताखालच्यांना स्वतः पैसे देणारा. डी. एच. लॉरेन्सचे वडील असे बटी होते. तेव्हा मैत्रीच्या प्रत्येक शब्दाला गोड मूळ असतं असं समजायचं कारण नाही.

‘मॅरा’चं मूळ मात्र मी कितीही वेळ सांगू शकतो. हा डरॅम आणि कम्ब्रियाच्या खाणकामगारांचा शब्द. जुन्या उत्तरी इंग्रजीत ‘मॅरो’ म्हणजे जोडीदार, जोडीतला एक. डरॅमच्या खाणींत एक पद्धत होती, कॅव्हिलिंग. खाणीतल्या सगळ्याच जागा सारख्या नसतात. कुठे थर जाड, कोळसा सुटा आणि कोरडा, कुठे दोन फुटांच्या थरात पाण्यात आडवं पडून खणायचं. पैसे मिळायचे ते कोळशाच्या वजनावर. मग चांगली जागा कोणाला? ते मुकादमानं ठरवायचं नाही. दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या. जी जागा येईल तिथे दोन-चार जणांनी पाळीपाळीनं काम करायचं, निघालेला कोळसा एकाच हिशेबात धरायचा आणि पैसे आपसात वाटून घ्यायचे. ते एकमेकांचे मॅरा. म्हणजे सकाळच्या पाळीतला गडी जो कोळसा काढायचा त्याचे पैसे रात्रपाळीतल्यालाही मिळायचे. समोरासमोर भेट होवो न होवो. मॅरा आजारी पडला तर तुमचा पगार कमी, मॅरानं लाकडाचा टेकू नीट लावला नाही तर छप्पर तुमच्या डोक्यावर.

या शब्दाला ‘मित्र’ असं नॉर्मलाइज करून पाहा. जमतं? तक्त्यात जमतं.

वेकफील्डजवळ राष्ट्रीय कोळसाखाण संग्रहालय आहे. लीड्सहून जवळ. जमिनीखाली 140 मीटर नेतात, आणि नेणारे बरेचदा स्वतः खाणीत काम केलेले असतात. आमच्या वाटाड्यानं एक पत्र्याचा डबा दाखवला. पावाच्या स्लाइसच्या आकाराचा, एक बाजू गोल. यॉर्कशर आणि नॉटिंगहॅमशरमध्ये याला ‘स्नॅप टिन’ म्हणतात, आत असतं ते ‘स्नॅप’. पत्रा कशाला, तर खाणीतले उंदीर कागद आणि फडकं कुरतडतात. मी मूर्खासारखं विचारलं, स्नॅप म्हणजे लंच ना? ते म्हणाले, “नाही, लव्ह. लंचला टेबल लागतं.” (यॉर्कशरमध्ये जुन्या पिढीतले पुरुष पुरुषांनाही ‘लव्ह’ म्हणतात. पहिल्यांदा बसच्या ड्रायव्हरनं म्हटलं तेव्हा मी दोन स्टॉप आधीच उतरलो होतो.)

ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण, केलिंग्ली, डिसेंबर 2015मध्ये बंद झाली. तीही यॉर्कशरमध्येच. कामच गेलं. स्नॅप, बेट, मॅरा हे शब्द मागे राहिले, आणि ज्यांनी कधी खाण पाहिली नाही अशा कॉल सेंटरातल्या, गोदामातल्या पोरांच्या तोंडी आहेत. युनियन गेली, चिठ्ठ्या टाकायची पद्धत गेली, बँड हॉल गेले. उरलं ते एवढंच, आणि तेही आम्ही स्लँग म्हणून पुसायला बसलोय.

आता पावाबद्दल. इतकी नावं का, याचं साधं उत्तर असं की ब्रेड रोल नावाचा एक पदार्थ कधी नव्हताच. पाव रोज सकाळी भाजायचा आणि संध्याकाळी शिळा व्हायचा, त्यामुळे तो गावाबाहेर जायचा नाही, आणि त्याचं नावही जायचं नाही. ‘बार्म’ म्हणजे खरं तर बिअर फसफसताना वर येणारा फेस. त्यातलं यीस्ट घेऊन पीठ फुगवायचे, म्हणून बार्म केक. न्यूकॅसलची ‘स्टॉटी’ चपटी, जड, थाळीएवढी. ‘स्टॉट’ म्हणजे उसळणे. जमिनीवर आपटली तर उसळेल अशी चिवट, म्हणून स्टॉटी, असं सांगतात. तिच्यात हॅम आणि पीझ पुडिंग, म्हणजे शिजवून घोटलेली पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची गोळी. स्टॉटी मागणाऱ्याच्या हातात बार्म ठेवणं म्हणजे भाकरी मागणाऱ्याला फुलका देणं. ॲबर्डीनची ‘रोवी’ तर पाव कमी आणि खारट, पापुद्र्याची, चरबीदार पुरी जास्त. माझ्या तक्त्यात तीही ब्रेड रोल होती.

नॉटिंगहॅमचा कॉब, कॉव्हेंट्रीचा बॅच आणि शेफील्डचा ब्रेडकेक यांत डोळे मिटून फरक करता येईल असं मी म्हणणार नाही. ते बव्हंशी एकच. पण ‘टीकेक’नं माझा सूड घेतला. लीड्स-ब्रॅडफर्डच्या पट्ट्यात टीकेक म्हणजे साधा पाव. बाकीच्या इंग्लंडात टीकेक म्हणजे मनुका घातलेला गोडसर पाव, भाजून लोणी लावून चहाबरोबर खायचा. तक्त्यानं दोघांना एका कप्प्यात कोंबलं आणि दक्षिणेतल्या कुण्या सभ्य गृहस्थाला मनुकांच्या पावात बेकन आणि ब्राउन सॉस घालून मिळालं. त्याची तक्रार फार वाचनीय होती.

आमच्या धंद्यात हे नवीन नाही. 1996मध्ये एओएलच्या फिल्टरनं स्कन्थॉर्प या गावच्या लोकांना खाती उघडू दिली नव्हती, कारण गावाच्या नावाच्या मधोमध एक अश्लील शब्द दडलेला आहे. आजही या प्रकारच्या चुकांना स्कन्थॉर्प प्रॉब्लेम म्हणतात, आणि आम्ही हसतो. पण कधी उलट बाजूनं पाहिलंय? तिथल्या माणसाला आपल्या गावाचं नाव लिहायला मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करावं लागलं. तो हसला नसेल.

यावर नेहमीचा प्रतिवाद असतो, आणि तो मी गंभीरपणे घेतो: पोरांना प्रमाण इंग्रजी आलं नाही तर नोकऱ्या कशा मिळतील? मिळणार नाहीत. माझं पोट प्रमाण इंग्रजीवरच चालतं. आयईएल्टीएसची फी भरून, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ घोटून इथे आलोय. प्रमाण भाषा शिकवा, जरूर शिकवा. पण शिकवणं आणि खोडणं यांत फरक आहे. 2013 या एकाच वर्षात मिडल्सबरोमधल्या एका प्राथमिक शाळेनं पालकांना पत्र पाठवून घरात कोणते स्थानिक शब्दप्रयोग सुधारावेत याची यादी दिली. बर्मिंगहॅमजवळच्या हेल्सओवेनमधल्या एका शाळेनं ब्लॅक कंट्री बोलीतल्या वाक्यांवर बंदी घातली. आणि दक्षिण लंडनमधल्या एका शाळेनं ‘इनिट’, ‘बेअर’ अशा शब्दांची बंदी-यादी भिंतीवर लावली. याद्या. माझ्यासारख्याच, दोन रकान्यांच्या. डावीकडे तू, उजवीकडे तू कसा असायला हवास.

आणि याद्या करणाऱ्यांनी एक माणूस आठवावा. जोसेफ राइट, जन्म 1855, ब्रॅडफर्डजवळचा. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीत गाढवगाडी हाकायला लागला, मग सॉल्टेअरच्या गिरणीत. पंधराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. यॉर्कशरची बोली त्यानं सोडली नव्हती. ऑक्सफर्ड अडलं नाही.

आता घरचा आहेर. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या जेवणात, श्रीखंड वाढता वाढता, एक काकू मला म्हणाल्या, “अरे, इथले लोक स्वतःची भाषा किती अशुद्ध बोलतात! आपलं इंग्लिश कितीतरी शुद्ध.” त्यांच्या मुलाला त्यांनी उच्चार सुधारायच्या क्लासला घातलंय, कारण तो ‘बाथ’ आणि ‘बस’ यॉर्कशरच्या पोरांसारखं म्हणायला लागला. मुलाचा जन्म लीड्सचा. तो कोणासारखं बोलणार?

हे आपण बरोबर घेऊन येतो. सुटकेसमध्ये गोडा मसाला आणि मनात शुद्ध-अशुद्ध. ब्रिटिशांचं बार्म की कॉब हे भांडण पबमध्ये हसत-खिदळत चालतं. आपलं पोळी की चपाती हे भांडण तसं नसतं. पोळी म्हटलं की आडनाव विचारायची गरज नाही असं समजणारे आहेत, चपाती म्हटलं की आडनावाचा अंदाज बांधणारेही आहेत. ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला ‘पाणी’ म्हणायला लावताना वर्गात जो हशा होतो, तो मी ऐकलाय. एकदा माझ्यावर, पुढे बऱ्याचदा दुसऱ्यांवर, आणि त्यात मीही होतो. रोटीबंदी आणि बेटीबंदी हे शब्द आपल्या भाषेत आहेत. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं, असल्या कथा आपण लहानपणी ऐकल्या आहेत. बरोबर खाल्लं की माणूस आपला होतो ही गोष्ट आपल्याला जर्मन किंवा लॅटिनमधून शिकायची गरजच नव्हती. आपण ती इतकी पक्की जाणून होतो की तिच्यावर बंदी घातली.

दुसरा पंथ शब्दांवर प्रेम करणाऱ्यांचा. मला तो जास्त धोकादायक वाटतो. स्टेशनवरच्या दुकानात मग मिळतात, त्यांवर ‘एय अप मी डक’ लिहिलेलं (डर्बी-नॉटिंगहॅम-स्टोककडचं ‘काय रे बाळा’, तिथे माणूस बदक असतो, लँकशरमध्ये कोंबडा, ग्लासगोत बाई कोंबडी). चहाच्या टॉवेलांवर पावांच्या नावांचे नकाशे छापतात. आमच्याच ऑफिसच्या भिंतीवर असा एक नकाशा फ्रेम करून लावलाय. त्याच्याखाली बसून मी तो तक्ता केला! बोली ही अशी भिंतीवर चालते, डेटाबेसमध्ये चालत नाही. जाहिरातीतल्या आवाजात चालते, इंटरव्ह्यूत चालत नाही.

शिवाय या प्रेमाला रंग कळतो. लीड्स विद्यापीठानं 1950 ते 1961 या काळात इंग्लंडच्या बोलींची मोठी पाहणी केली, 313 ठिकाणी. वस्तू दाखवायची, तिचं नाव स्वतः उच्चारायचं नाही, समोरच्याकडून काढून घ्यायचं. केवढं चिकाटीचं काम. पण माणसं निवडली ती बहुतेक खेड्यातली, म्हातारी, जन्मभर गाव न सोडलेली. ते ठीकच, ते शब्द आधी मरणार होते. पण तेव्हापासून खरी बोली म्हणजे कुंपणाला टेकलेला गोरा आजोबा, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलं. पूर्व लंडनमध्ये कॅरिबियन, आफ्रिकी, बांगलादेशी आणि गोऱ्या पोरांनी एकत्र वाढताना जी बोली घडवली, जिला भाषातज्ज्ञ मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश म्हणतात, तिच्यात मित्र म्हणजे ‘ब्रव’, ‘फॅम’. फॅम म्हणजे फॅमिली. झकास चिकन म्हणजे ‘पेंग’. खाणं आणि मैत्री, तेच दोन धागे, तसेच मिसळलेले. पण यॉर्कशरचं स्नॅप म्हणजे वारसा आणि हे मात्र गुंडांची भाषा. तिचा टॉवेल कोणी छापत नाही.

वारशावाल्यांना सांगायला हवं की ‘पॅल’ हा अस्सल ब्रिटिश वाटणारा शब्दसुद्धा रोमानी आहे. भटक्या रोमा लोकांच्या भाषेत ‘फ्राल’, ‘पाल’ म्हणजे भाऊ, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘भ्रातृ’. आपला भाऊ तिथूनच आला. म्हणजे ग्लासगोचा दारुडा अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून ‘पॅल’ म्हणतो आणि कोल्हापूरचा पोरगा ‘भावा’ म्हणतो, ते एकाच शब्दाचे दोन वारस. ज्यांनी तो शब्द इथवर पायी आणला, त्यांच्या छावण्या आजही गावाबाहेर हुसकल्या जातात. उलटा प्रवासही आहे. ‘टिफिन’ हा अठराव्या शतकातल्या इंग्रजांचा खाण्यापिण्याचा बोलीशब्द. तिकडे तो जवळपास मेला, एका चॉकलेटच्या वडीपुरता उरला, आणि आपण तो डब्यावर जगवला. आणि माझ्या गावाजवळच्या देवळालीनं इंग्रजीला ‘डूलाली’ दिला. बोटीची वाट पाहत तळावर कुजणारे सैनिक वेडेपिसे व्हायचे, म्हणून वेडसर तो डूलाली. सहकाऱ्यांना हे सांगितलं की ते खूश होतात. विषय तिथेच संपतो.

हे शब्द म्हणजे निव्वळ प्रेम, असा माझा दावा नाही. रात्री साडेअकराला पबबाहेर कोणी “ऐक, मेट” म्हणालं की तो जेवायला बोलवत नसतो, हे मला नीट कळतं. मॅरा म्हणून घ्यायला मला डरॅममध्ये कदाचित जन्म घ्यावा लागेल. शब्द आत घेतात तसे बाहेरही ठेवतात. पण आत-बाहेर ठरवायचं ते त्या पंगतीनं. मी, यादी घेऊन बाहेर उभा राहिलेला, कोण?

मे महिन्यात मी तक्त्याचा उजवा रकाना उडवायचा प्रस्ताव टाकला. प्रत्येक दुकानानं आपल्या पावाला आपलं नाव द्यावं, शोधताना आधी गिऱ्हाइकाच्या गावचा अर्थ धरावा, आणि मेसेजमधला शब्द पकडण्याआधी तो ऐकणाऱ्याला विचारावं. परीक्षणाला सहा आठवडे लागले. स्टॉटी आणि रोवी सुटल्या. ‘कॉक’, ‘डक’, ‘हेन’ हे शब्द यादीतून निघाले. ब्लॅक कंट्रीतला ‘फॅगट’ (काळीज-मटणाचा मसालेदार गोळा, वाटाण्यांबरोबर खातात, दुसरा अर्थ समलिंगी पुरुषांना दिली जाणारी घाण शिवी) याच्यावर वाद अजून चालू आहे, आणि तो सोपा नाही हे मलाही मान्य आहे. टीकेकवर कोणी सही करायला तयार नाही.

जूनमध्ये एका शनिवारी मी मँचेस्टरला गाडी बदलून बोल्टनला गेलो. दुकान छोटं, खिडकीवर वाफ धरलेली. मी कोण ते सांगितलं नाही. चीज-कांद्याचं एक बार्म मागितलं. बाईंनी सुरी हातात घेऊन विचारलं, “बटर लावू, लव्ह?” मी हो म्हणालो. काउंटरच्या कडेला कागदात गुंडाळलेलं आणखी एक ठेवलेलं होतं, त्यावर पेनानं काहीतरी लिहिलेलं. नाव असावं. मला वाचता आलं नाही.